कलमाच्या चाकूची धार: पट्टा, फळी आणि पेस्ट

कोय कलमांचं काम सुरू झालं की चाकू दगडावर क्वचित जातो. पट्ट्यावर मात्र तो दिवसभर जात असतो. पन्नास-साठ काड्या तासून झाल्या की धार किंचित मंदावते. ते डोळ्याला दिसत नाही, पण मनगटाला लगेच कळतं. अशा वेळी दगड भिजवत बसायला सवड नसते, आणि गरजही नसते. पट्ट्यावर दहा-बारा हात मारले की चाकू पुन्हा कामाला लागतो. दापोली तालुक्यातल्या आमच्या नर्सरीत हा पट्टा कसला असावा आणि त्यावर काय लावावं, याचा मी गेले काही हंगाम पिच्छा पुरवला आहे. धार लावण्याबद्दल जे काही सांगितलं जातं ते बहुतेक वस्तऱ्याचं नाहीतर स्वयंपाकघरातल्या सुरीचं असतं. कलमाच्या चाकूचं गणित वेगळं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी काम काय ते सांगते. कोय रुजून वर आलेलं रोप कोवळं, तांबूस पानांचं असताना त्याचा शेंडा कोयीपासून सात-आठ सेंटिमीटरवर छाटायचा आणि खोड मधोमध चार-पाच सेंटिमीटर खाली चिरायचं. हापूसच्या झाडावरची तीन-चार महिन्यांची, पानं आधीच काढून ठेवलेली काडी घ्यायची. तिच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तेवढाच लांब काप देऊन पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून बांधायची. म्हणजे एकाच चाकूला दोन कामं: निबर काडी सरळ तासायची आणि कोवळं खोड न चेचता चिरायचं. काडीच्या सालीखालचा हिरवा थर आणि खोडाच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकांना टेकले तर सांधा जुळतो. मध्ये फट राहिली तर काडी सुकते.

माझे सासरे, आप्पा, भेट कलमं बांधत मोठे झाले. भेट कलमात काडी मूळ झाडापासून तोडलेली नसते. सांधा जुळेपर्यंत तिला झाडाकडून पाणी मिळत राहतं, त्यामुळे काप थोडा ओबडधोबड असला तरी ती तग धरते. आप्पांचा पट्टा म्हणजे फणसाच्या फळकुटाला ठोकलेला जुना कंबरपट्टा, आणि त्या कामाला तो पुरत होता. कोय कलमात काडी तोडूनच लावायची, तेव्हा तिच्याजवळ वेळ नसतो. कापाची सफाई तिथे थेट रोपाच्या जिवाशी जोडलेली असते.

आमचे चाकू एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने उतार दिलेले आहेत. रंध्याच्या पात्याला किंवा पटाशीला जशी एकाच अंगाने धार असते, तसंच. काडी तासताना सपाट बाजू पाचरीकडे राहते आणि पातं सरळ रेषेत चालतं. दोन्ही बाजूंनी उतार असलेला चाकू लाकडात शिरला की आत किंवा बाहेर वळू पाहतो. सपाट बाजूचा चाकू वळत नाही, आणि त्याची सगळी मदार त्या सपाटीवर असते. (हे चाकू बहुतेक उजव्या हाताचे मिळतात. डावखुऱ्या माणसाला उतार उलट्या बाजूला असलेलाच चाकू द्यावा लागतो. आमच्याकडच्या एका डावखुऱ्या मावशींना तो मिळाला तेव्हा त्यांच्या कापात पडलेला फरक मी स्वतः पाहिला.)

पेस्टची चर्चा करण्याआधी पट्ट्याची करायला हवी ती याच कारणासाठी. चामडं मऊ असतं. गादीवर बोट दाबून पुढे सरकवलं की बोटामागची गादी वर उसळते, तसंच चामडं पात्याच्या दाबाखाली बसतं आणि धार पुढे सरकताच तिच्या मागे उसळून वर येतं. ते धारेच्या टोकाला वळसा घालून घासतं. वस्तऱ्याला याचा त्रास फारसा होत नाही, कारण न्हावी पट्टा ताणून धरतो आणि दाब जवळपास देतच नाही. सपाट बाजूच्या चाकूला मात्र हा वळसा बाधतो. दिवसातून अनेकदा मऊ चामड्यावर गेला की सपाट बाजू धारेजवळ गोलावते. तरीही चाकू दाढी करण्याइतका धारदार असतो! हातावरचे केस उडतात, कागद सर्रकन कापला जातो. काडीवर टेकवला की मात्र घुसत नाही. घुसवायला पातं थोडं उचलावं लागतं, आणि उचललं की काप मध्ये फुगीर येतो.

केस आणि कागद या कसोट्या मी त्यामुळे सोडल्या. आता कापलेली पाचर खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर ठेवून काच उजेडाकडे धरते आणि खालून बघते. काप सपाट असेल तर काचेला टेकलेला ओला भाग टोकापासून टोकापर्यंत एकसंध गडद दिसतो. फुगीर असेल तर मधे गडद पट्टा आणि दोन्ही टोकांना उजेड. आप्पांना काचेची गरज लागत नाही. ते पाचर नखावर ठेवून सांगतात. "अगो, चाकू काय बघत्येस, काप बघ," असं ते मला पहिल्यापासून म्हणत आले आहेत.

सपाट बाजूसाठी मग चामड्याऐवजी नुसतं लाकूड वापरून पाहिलं. बाहेरच्या देशांत एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) किंवा बासवुड नावाचं मऊ लाकूड वापरतात. एमडीएफ आपल्याकडे कुठेही मिळतं, पण आमचा हंगाम जून ते ऑगस्टचा. कोकणातल्या पावसाळी हवेत एमडीएफ कडांपासून फुगायला लागतं. साग घेतला तर त्याच्या रेषा कमी-जास्त कठीण असल्यामुळे पातं हलकेच खडखडतं. शिवणीचं लाकूड मला सर्वांत मानवलं: हलकं, एकसारख्या पोताचं, नीट वाळलेलं असलं की वाकत नाही. सुताराकडून वीत-दीड वीत लांब आणि चार बोटं रुंद फळी रंधून घेतली, जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून त्यावर घासून ती सपाट केली, आणि पेस्ट सरळ लाकडावरच लावली. लाकडाच्या छिद्रांत कण रुतून बसतात आणि पृष्ठभाग मात्र कडक राहतो. सपाट बाजू या फळीवर सपाटच राहते.

चामडं पूर्ण सोडलं नाही. उताराच्या बाजूला त्याचा उपयोग आहे, पण ते पातळ आणि घट्ट हवं. कोल्हापुरी चपलांचं चामडं बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेलं असतं. क्रोमने कमावलेल्या मऊ चामड्यासारखं ते दाबलं जात नाही. कोल्हापुरातल्या एका कारागिराकडून दोनेक मिलिमीटर जाडीचा तुकडा आणला आणि शिवणीच्या फळीच्या मागच्या अंगाला चिकटवला. गुळगुळीत बाजू वर ठेवली. आतली लवदार बाजू जास्त पेस्ट धरते, पण ती मऊ पडते.

आता पेस्ट. बाजारात सगळ्यांत आधी हाती लागते ती हिरवी वडी, स्टील चमकवणारे जिला बफिंग सोप म्हणतात ती. तिच्यात क्रोमियम ऑक्साइड असतं आणि ते कण मेणात किंवा चरबीत बांधलेले असतात. शुद्ध क्रोमियम ऑक्साइडचा कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा. बऱ्याच हिरव्या वड्यांत मात्र अॅल्युमिनियम ऑक्साइडही मिसळलेलं असतं आणि त्याचे कण त्याहून बरेच मोठे असू शकतात. हे वाईट नाही. ती वडी मुळात बफवर स्टीलला चमक आणण्यासाठी केलेली असते आणि मिश्रणामुळे काम भराभर होतं. पण दोन दुकानांतल्या दोन हिरव्या वड्या एकाच गुणाच्या निघतीलच असं नाही. मी दोन वेगळ्या वड्या एकाच चामड्याच्या दोन तुकड्यांवर लावून, एकाच दगडावरून आलेल्या दोन चाकूंवर चालवल्या आणि उताराची बाजू भिंगातून पाहिली. एकीने आरसा केला. दुसरीने बारीक समांतर रेघा ठेवल्या. रंग दोन्हींचा सारखाच पोपटी होता.

रंगावर जाऊ नका हे यासाठीच आवर्जून सांगते. हिरवा, पांढरा, लाल, काळा यांचं कुठलंही पक्कं प्रमाण नाही. बनवणारा ठरवेल तो रंग. पांढऱ्या वडीत बहुतेक अॅल्युमिनियम ऑक्साइड असतं, म्हणजे ज्या कुरुंदाचे धारेचे दगड होतात त्याचाच बारीक चुरा. सोनार वापरतात ते लाल रूज म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. सोन्या-चांदीला ते छान, पण कडक पोलादापुढे ते मवाळ पडतं. कठीणपणा मोजायच्या मोहसच्या मापावर ते सहाच्या आसपास, क्रोमियम ऑक्साइड साडेआठच्या जवळ, अॅल्युमिनियम ऑक्साइड नऊ आणि हिरा दहा. कलमाच्या चाकूवर लाल रूज मी थोडाच वेळ चालवून बाजूला ठेवलं.

हिऱ्याची पेस्ट इंजेक्शनच्या सिरिंजसारख्या नळीत येते. साचे पॉलिश करणारे कारखाने ती वापरतात, त्यामुळे मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या दुकानांतून चौकशी केली की मिळते. नळीवर कणाचं माप छापलेलं असतं: ६, ३, १, अर्धा, पाव मायक्रॉन. माप लिहिलेलं असणं हा तिचा मोठा गुण. घेताना ती तेलात विरघळणारी आहे की पाण्यात, हे विचारून घ्या. आमच्या दमट हवेत तेलाची बरी पडते, पाण्याची पेस्ट लाकूड फुगवते.

पेस्ट लावताना हात आखडता ठेवावा. वीतभर फळीला मोहरीएवढे पाच-सहा ठिपके पुरतात. ते बोटाने पसरायचे, वर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल घरात असतंच, पण ते काही दिवसांनी चिकटतं आणि खवट होतं, म्हणून ते पट्ट्याला लावत नाही. जास्त पेस्ट लावली तर कण लाकडात बसायच्या ऐवजी वर थर धरून राहतात आणि पात्याखाली गडगडत फिरतात. प्रत्येक मापाची फळी वेगळी हवी. ३ मायक्रॉनचे चार कण १ मायक्रॉनच्या फळीवर गेले की ती फळी ३ चीच झाली असं समजायचं. एका फळीवरून दुसरीकडे जाताना चाकू पुसायचा आणि बोटंही धुवायची.

मला सर्वांत जास्त उत्सुकता होती ती किती बारीक जावं याची. दगडावरून थेट आलेल्या चाकूने काडी तासली तर भिंगाखाली कापावर उभ्या बारीक रेघा दिसतात, आणि कोवळ्या खोडाच्या चिरेत कडेचा गर थोडा चेचलेला, पाणथळ दिसतो. ३ मायक्रॉनच्या फळीनंतर रेघा जवळजवळ जातात. १ मायक्रॉननंतर काप ओल्या काचेसारखा लकाकतो आणि चीर कोरडी, कडक कडांची येते. अर्ध्या आणि पाव मायक्रॉनच्या पेस्टने पातं आणखी चमकलं, पण कापात मला काही फरक सापडला नाही. आप्पांना कुठली पाचर कुठल्या चाकूची ते न सांगता दोन्ही दाखवल्या, त्यांनाही सापडला नाही. त्यामुळे १ मायक्रॉनवर मी थांबले. त्यापुढचा खर्च वस्तऱ्यावाल्यांना लखलाभ.

मग हिरवी वडी टाकून द्यावी का? अजिबात नाही. आमचे चाकू साध्या कार्बन पोलादाचे आहेत आणि काही स्विस स्टेनलेसचे. या दोन्ही पोलादांत क्रोमियम ऑक्साइड पुरून उरेल इतकाच कठीणपणा असतो. व्हॅनेडियम भरपूर असलेल्या महागड्या पोलादांची गोष्ट वेगळी. त्यांच्यातले व्हॅनेडियम कार्बाइडचे कण क्रोमियम आणि अॅल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही कठीण असतात, तिथे हिराच लागतो. कलमाच्या कामाला असलं पोलाद कशाला हवं, हा माझा प्रश्न आहे. शेतात बसून काही मिनिटांत धार परत आणता येणं हाच कलमाच्या चाकूचा सर्वांत मोठा गुण.

तर आमची फळी आता अशी आहे: एका अंगाला उघडी शिवण आणि १ मायक्रॉनचा हिरा, दुसऱ्या अंगाला कोल्हापुरी चामडं आणि हिरवी वडी. उताराची बाजू चामड्यावर, सपाट बाजू फक्त लाकडावर. चाकू नेहमी पाठीकडे ओढायचा, धार मागून येते. धार पुढे केली तर चामडं कापलं जातं. सपाट बाजू पूर्ण टेकवायची, पाठीखाली काडीभरही उजेड दिसता कामा नये. उताराची बाजू दगडावर जितकी टेकवली होती तितकीच, किंबहुना किंचित कमी उचलून. दाब चाकूच्या वजनाएवढा. ओढून झाल्यावर फळीच्या टोकाला चाकू आधी थांबवायचा आणि मग सरळ वर उचलायचा. शेवटच्या क्षणी मनगट वळलं तर तेवढ्यात टोक गोलावतं. सुरुवातीला उतारावर मार्कर पेनाने रेघ ओढायची आणि दोन-तीन हातांनंतर शाई कुठून गेली ते बघायचं. धारेलगतची गेली असेल तर कोन बरोबर. हिरव्या चामड्यावर काळे पट्टे उमटायला लागले की पोलाद निघतंय असं समजावं.

दगडानंतर उलट्या बाजूला जी बर, म्हणजे धारेवर वळलेली पोलादाची पातळ कड, राहते तिच्यासाठीही फळीच वापरते. उताराची बाजू दगडावर घासली की बर सपाट अंगाला वळते. नखावर पातं हलकं ओढलं तर ती अडकते. सपाट अंग लाकडावर दोन हात, उताराचं चामड्यावर दोन हात, मग एकेक, असं करत गेलं की ती मोडून न पडता झिजून जाते. लाकडाच्या कडेत धार खुपसून बर तोडण्याची पद्धत आहे, पण ती तुटते तिथे धारेला बारीक दाते राहतात.

चीक हा आमच्या कामातला कायमचा सोबती. आंब्याचा चीक आम्ल असतो. कार्बन पोलादाचं पातं त्याने तासाभरात काळसर पडतं आणि चिकाचा पातळ थर वाळून बसतो. असं पातं पट्ट्यावर घासलं तर चीक चामड्यात जातो, चामडं चकाकायला लागतं आणि कण झाकले जातात. म्हणून आधी स्पिरिटचा बोळा, मग पट्टा, मग पुन्हा स्पिरिटचा बोळा. दुसरा बोळा पहिल्याहून महत्त्वाचा. पट्ट्यावरचं मेण, तेल आणि काळी घाण पात्यावर आलेली असते, ती कापाला लागली तर सांध्यात तेलाचा थर बसतो. शिवाय स्पिरिटने एका रोपावरचा रोग दुसऱ्यावर जात नाही, म्हणजे हे काम आम्हाला तसंही करायचंच असतं. बुजलेलं चामडं टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसायचं, वाळू द्यायचं आणि नव्याने हिरवी वडी लावायची. पावसात चामडं उन्हात तापवता येत नाही, तेव्हा कोमट इस्त्री कागदावरून क्षणभर फिरवते. मेण पातळ होऊन आत मुरतं.

बुरशीचाही उपाय करावा लागतो. जुलैत कोपऱ्यात ठेवलेल्या चामड्यावर पांढरी लव येते. फळ्या मी चुलीच्या वरच्या फडताळात ठेवते, तिथे हवा कोरडी असते. चुलीशेजारी ठेवल्या तर चामडं आक्रसून फळीचा डिंक सोडतं.

आंब्याचं संपत आलं की काजूची मृदुकाष्ठ कलमं, म्हणजे कोवळ्या खोडावर बांधायची कलमं, लागतात. वेंगुर्ला ४ आणि ७ या काजूच्या जातींची मागणी आमच्याकडे जास्त. काजूची काडी तासायला मला ३ मायक्रॉनची फळी पसंत पडली आहे. धार थोडी करकरीत राहते आणि काडीवर पातं घसरत नाही. फणसाला मात्र अजून समाधानकारक उत्तर नाही. त्याचा चीक स्पिरिटला दाद देत नाही, तेलाने सुटतो, आणि तेल तर कापाला नको. सध्या फणसासाठी एक स्टेनलेस चाकू वेगळा ठेवला आहे. तो दर चार-पाच काड्यांनी आधी तेलाच्या फडक्याने, मग स्पिरिटने पुसते आणि फक्त उघड्या लाकडाच्या फळीवर नेते, कारण लाकूड निदान रंध्याने एक पापुद्रा काढून पुन्हा नवं करता येतं.